एक पहिली, दोन शाळा: आमच्या आरटीई प्रवेशाची गोष्ट

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलेल्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी तासभर बसल्या. त्याच दिवशी, १४ जानेवारीला, २०२५-२६ साठीचे आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांचे, अर्ज सुरू झाले होते, आणि त्यांचा मुलगा यंदा पहिलीत जायचा आहे. "तुम्ही कसं केलंत ते पहिल्यापासून सांगा," म्हणाल्या. सांगता सांगता मी कपाटातली निळी फाइल काढली. गेल्या वर्षीचा प्रत्येक कागद तिच्यात तारखेप्रमाणे लावलेला आहे. वहिनींना जे सांगितलं तेच इथे लिहिते, जरा सविस्तर. तारखा आणि नियम दर वर्षी बदलतात, म्हणून माझ्या तारखांवर विसंबू नका. पण माणूस अडतो त्या जागा फारशा बदलत नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १२(१)(सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अर्ज ऑनलाइन, निवड लॉटरीने, आणि फी आठवीपर्यंत नाही. हे "आठवीपर्यंत" नीट लक्षात ठेवा. नववी-दहावीचं काय, हा विचार अर्ज करतानाच घरात व्हायला हवा.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. हे एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला, मी घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते. आमची मुलगी चिऊ अंगणवाडीत जात होती. तिचा जन्म १४ सप्टेंबर २०१८ चा, म्हणजे २०२४-२५ ला ती पहिलीच्या वयात बसत होती. आरटीई आपल्यासाठी नाही, असंच मला वाटायचं, कारण एक लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं एवढंच ऐकलं होतं आणि ह्यांचा पगार वर्षाला त्याच्या वर जातो. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीच्या ताईंनी माझी समजूत दुरुस्त केली. एक लाखाची अट आर्थिक दुर्बल घटकासाठी आहे. वंचित घटकातून, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, इतर मागास वर्ग अशांतून अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा दाखला लागतो. आम्ही माळी, म्हणजे ओबीसी. पण ह्यांचा जातीचा दाखला कुणी कधी काढलेलाच नव्हता. दहावीनंतर हे थेट कामाला लागले, दाखल्याची गरजच पडली नाही.

ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो असणार सासऱ्यांच्या शाळेत, करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावी. ह्यांनी सुट्टी घेतली की खाडा पडतो, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चिऊला घेऊन मीच गेले. सासरे आता नाहीत. सासूबाई माझ्याबरोबर शाळेत आल्या. गुरुजींनी लोखंडी कपाटातून कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं. पानं इतकी जीर्ण की ते पट्टीने उलटत होते. पाऊण तास गेला. मग १९६१ च्या पानावर सासऱ्यांचं नाव सापडलं, निळ्या शाईत, वळणदार. जन्मतारीख १ जून. त्या पानावरच्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जूनच होती, कारण तेव्हा गुरुजी लिहितील ती तारीख. जातीच्या रकान्यात स्पष्ट "माळी". आणि शेवटच्या रकान्यात चौथीत नाव कमी केल्याची नोंद, कारण "घरकाम". सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हेच का त्यांचं नाव?" मी हो म्हटलं. बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही.

गुरुजींनी उतारा लगेच लिहून दिला. त्यात आडनावाचं ऱ्हस्व-दीर्घ रजिस्टरबरहुकूम आणि ह्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळतं आहे ना, ते मी तिथेच बसून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. तुम्हीही पाहा. तिथली चूक पुढे प्रत्येक टेबलावर आडवी येते. तलाठ्यांचा रहिवासी दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र हे सगळं जोडून २ जानेवारीला तालुक्याच्या सेतू केंद्रात अर्ज दिला. झेरॉक्स, फोटो, शपथपत्र सगळं धरून साडेचारशे रुपये गेले. दाखला २९ जानेवारीला निघाला. दुसऱ्या राज्यातला जातीचा दाखला आरटीईला चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पुढचा कागद राहण्याच्या पत्त्याचा. आधार कार्डावर आमचा पत्ता गावचा, इथे भाड्याची खोली. अशा वेळी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला चालत नाही. तो ११ महिन्यांचा किंवा जास्तीचा हवा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. आमच्या घरमालकीण मावशी आधी तयार नव्हत्या. नोंदणी केली की भाडेकरू हक्क सांगतो, असं त्यांना कुणीतरी भरवून दिलेलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एजंटला घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर करार वाचून घेतला. ११ महिन्यांनी तो आपोआप संपतो हे त्यांनी स्वतः ऐकलं, मग अंगठा मशीनवर ठेवला. ६ फेब्रुवारीला नोंदणी झाली. खर्च एजंटसह २,७०० रुपये, तो मीच दिला, कारण गरज माझी होती. नोंदणीनंतर करारासोबत "सूची क्रमांक २" नावाचं एक पान मिळतं. ते वेगळं जपून ठेवा. का, ते पुढे येईल.

चिऊचा जन्मदाखला काढून पाहिला तर नावाचा रकाना रिकामा! बारशाआधी नोंद झाली होती आणि नंतर नाव घालायला आम्ही गेलोच नव्हतो. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आठवडाभरात नाव घालून मिळालं. तुमच्याकडचा दाखला आजच उघडून बघा.

इतकं करून फेब्रुवारीत मी तयार होते, आणि नेमके तेव्हाच नियम बदलले. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने अधिसूचना काढली. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या अटीतून सूट. शहरात अशी शाळा जवळपास असतेच. १६ एप्रिलला अर्ज सुरू झाले तेव्हा यादीत आमच्याभोवतीच्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळाच दिसल्या. महापालिकेच्या शाळेत तर कुणालाही सरळ प्रवेश मिळतो, त्यासाठी लॉटरी कशाला, हे मला कळेना. तरीही अर्ज भरला. संधी हुकू नये, एवढंच डोक्यात होतं.

तो अर्ज भरताना माझ्या हातून मोठी चूक झाली. अर्जात नकाशावर आपल्या घराची जागा दाखवायची असते, सगळे त्याला बलून म्हणतात. शाळेचं अंतर त्या बलूनपासून मोजलं जातं आणि एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. मी अर्ज नेट कॅफेत भरला. लग्नसराईचे ब्लाऊज घरी पडले होते, घाई होती. बलून घरावर नेऊन न ठेवता कॅफेजवळच राहिला. रात्री प्रिंट पाहिली तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली शाळा १.८ किलोमीटरवर दाखवत होती. अर्ज कायम झालेला. पडताळणीत घर आणि बलून जुळले नाहीत तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो, हे वाचल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. ह्यांना सांगायलाही दोन दिवस लागले.

७ मे रोजी लोकसभेचं मतदान. आमची नावं गावच्या यादीत, म्हणून आदल्या दिवशीच गावी पोहोचलो होतो. मतदान केंद्र त्याच रजिस्टरवाल्या शाळेत. रांगेत उभे असताना ह्यांच्या मोबाईलवर बातमी आली की मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी फेब्रुवारीच्या त्या बदलाला स्थगिती दिली आहे. मग शिक्षण विभागाने १७ मेपासून नव्याने अर्ज मागवले. आधी ज्यांनी भरले होते त्यांनीही पुन्हा भरायचे होते. कुणाला ही दगदग वाटली असेल, मला तो मोठा दिलासा होता. चुकलेला बलून पुसला गेला.

दुसऱ्यांदा मी अर्ज घरी भरला. शेजारच्या कॉलेजच्या मुलाचा लॅपटॉप रात्री नऊनंतर मागून घेतला, चिऊला झोपवलं आणि सगळे कागद जमिनीवर मांडले. बलून फक्त पाच वेळा निश्चित करता येतो, म्हणून हात लावण्याआधी नकाशावर घर शोधून ठेवलं. यादीत आता खासगी शाळा दिसत होत्या. दहापर्यंत शाळा निवडता येतात. मी सहा निवडल्या. ज्या शाळेत रोज सोडणं-आणणं आम्हाला झेपणार नाही, ती नावापुरती घातली नाही. लॉटरीत तीच लागली आणि नाकारली, तर पुढच्या फेऱ्यांत तुमचा विचार होत नाही. निवडण्याआधी त्या सहाही शाळांपर्यंत मी एकदा चालत जाऊन आले होते, शाळा सुटायच्या वेळी. रस्ता कसा ओलांडायचा, दारात गर्दी किती, ते कागदावर कळत नाही.

मुदत ३१ मे होती, ती ४ जूनपर्यंत वाढली. शेवटच्या दिवसांत पोर्टल फार संथ चालत होतं, तेव्हा थांबू नका. नेट कॅफेतल्या एकाने मला "पाच हजारांत नंबर लावून देतो" असंही सांगितलं. असं काही नसतं. निवड संगणकावर होते, पैसे मागणारा फसवतोच.

लॉटरी ७ जूनला पुण्यात काढली गेली. राज्यभरात जागा साधारण १ लाख ५ हजार आणि अर्ज २ लाख ४२ हजारांच्या आसपास. पण प्रकरण न्यायालयात असल्यामुळे निकाल जाहीर झाला नाही. सोडत निघालेली, आपलं नाव त्यात आहे की नाही ते आधीच ठरलेलं, आणि आपल्याला कळत नाही. हा काळ सगळ्यांत अवघड गेला. सकाळी उठलं की पोर्टल, दुपारी मशीन बंद करून पुन्हा पोर्टल. सुनावणीच्या तारखा पुढे जात राहिल्या. आमच्या ओळखीतल्या दोघांनी वाट बघून शेवटी कर्ज काढून मुलांची फी भरली.

१५ जूनला शाळा उघडल्या. आमच्यापुढे प्रश्न होता, चिऊला घरी ठेवायचं का? हे म्हणत होते, आठवड्याभरात निकाल लागेल, कशाला दोन-दोन ठिकाणी. मला ते पटलं नाही. पावणेसहा वर्षांची मुलगी, अंगणवाडी सुटलेली, बरोबरीची सगळी पोरं दप्तर घेऊन गल्लीतून जाताना दारात उभी राहून बघणार. मी तिला महापालिकेच्या शाळेत पहिलीत घातलं. जन्मदाखला, आधार आणि दोन फोटो, एवढ्यावर दहा मिनिटांत नाव दाखल झालं. एक रुपया लागला नाही. मोठ्या बाईंना मी खरं ते सांगून टाकलं, की आरटीईचा अर्ज केलेला आहे, लागला तर कदाचित न्यावं लागेल. त्या म्हणाल्या, "लागेल तेव्हा बघू. तोपर्यंत पोरगी शिकू दे की."

सगळ्यांना माझं हेच कळकळीने सांगणं आहे. निकाल कितीही लांबो, मुलाला घरी बसवू नका. जवळच्या सरकारी शाळेत घाला. त्याने आरटीईचा हक्क जात नाही, आणि नाहीच लागला नंबर तर मूल आधीच शाळेत रुळलेलं असतं.

आणि ती शाळा खरोखर चांगली होती. पहिल्याच दिवशी फुगे, औक्षण आणि हातात पुस्तकं. वर्गात एकोणतीस मुलं. बाई रोज दारात उभ्या राहून प्रत्येकाला नावाने आत घ्यायच्या. चिऊ पहिले तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी तिने मागे वळून पाहिलंही नाही. दुपारच्या खिचडीचं तिला इतकं कौतुक की घरी येऊन मला कृती सांगायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती पाटीवर "कमळ" लिहून घेऊन आली, कुणी न सांगता. आषाढी एकादशी १७ जुलैला होती. आदल्या दिवशी शाळेची दिंडी निघाली. मी माझ्या जुन्या नऊवारीच्या काठाची तिला साडी शिवून दिली, डोक्यावर प्लॅस्टिकच्या डब्यातली तुळस. गल्लीतून दिंडी जाताना तिने मला पाहिलं, पण हात हलवला नाही, कारण तुळस पडली असती.

१९ जुलैला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने ती फेब्रुवारीची अधिसूचना मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केली. २० जुलैला यादी लागली. दुसऱ्या दिवशी रविवारी गुरुपौर्णिमा होती, म्हणून मुलांनी शनिवारीच बाईंना फुलं दिली होती. चिऊने दारातल्या कुंडीतली तगर नेली होती. ती घरी येऊन बाईंनी फूल केसात माळल्याचं सांगत होती आणि माझ्या हातात मोबाईल. मेसेज आलेला नव्हता. मेसेजवर अवलंबून राहू नका, पोर्टलवर आपला अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघा. मी टाकला. "निवड झाली." आमच्या यादीतली तिसरी शाळा, इंग्रजी माध्यम, घरापासून ८०० मीटर.

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला. त्या रात्री आम्ही दोघं गच्चीवर बसलो. ह्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. "मला वर्कशॉपमध्ये मशीनवरच्या सूचना वाचता येत नाहीत म्हणून दहा वर्षं मदतनीसच राहिलो. हिचं तसं नको." माझं म्हणणं, ती तिथे रमली आहे, अभ्यास घरी कोण घेणार, मला इंग्रजी कुठे येतं. बराच वेळ आम्ही गप्प होतो. शेवटी मी हो म्हटलं. आठ वर्षांची फी वाचते हे एक कारण होतं, पण खरं कारण मशीनचं ते वाक्य. आजही मला ठामपणे सांगता येत नाही की तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. तुमच्याजवळ चांगली मराठी शाळा असेल आणि मूल तिथे आनंदात असेल, तर नंबर लागूनही न जाण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रवेशाची मुदत २३ ते ३१ जुलै. आधी पडताळणी समितीकडे मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन जायचं, सोबत पोर्टलवरून काढलेलं अलॉटमेंट लेटर आणि सही केलेलं हमीपत्र. तिथे ऑनलाइन नोंद झाली की मग शाळेत. मी गुरुवार २५ जुलै ठरवला होता. त्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. शाळांना सुट्टी जाहीर झाली, रस्ते बंद. आमच्याकडे पाणी नव्हतं, पण वीज गेलेली आणि बाहेर पडणं शक्य नव्हतं. निळी फाइल मी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. त्या दिवशी घराघरांतून वाहून गेलेले कागद लोक नंतर उन्हात वाळवत बसलेले मी पाहिले. तेव्हापासून सगळ्या कागदांचे फोटो ह्यांच्या आणि माझ्या, दोन्ही मोबाईलमध्ये ठेवलेत.

शेवटी सोमवारी, २९ ला, गेले. सकाळी साडेनऊला रांगेत चाळिसावा नंबर, टेबलापर्यंत पोहोचायला दीड वाजला. पाण्याची बाटली आणि बिस्किटं न्या, आणि शक्य असेल तर मूल घरी ठेवा. जातीचा दाखला, जन्मदाखला दोन मिनिटांत बघून झाले. भाडेकरार उलटून पाहिला आणि टेबलावरच्या सरांनी विचारलं, "सूची दोन कुठाय?" मी ते पान घरी वेगळं जपून ठेवलं होतं, इतकं जपून की आणायचंच राहिलं. मोबाईलमध्ये फोटो होता, पण त्यांना कागद हवा. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे धावले, एजंटला फोन करून मूळ पीडीएफ मागवली, छापली, वीस मिनिटांत परत. सरांनी रांगेत पुन्हा उभं केलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. तीन वाजता शिक्का बसला.

३० तारखेला सकाळी जुन्या शाळेत गेले, दाखला मागायला. ते मला सगळ्यांत जड गेलं. मोठ्या बाईंनी एका शब्दाने बोल लावला नाही. दाखला त्याच दिवशी हातात दिला. कायद्याप्रमाणे तो अडवता येत नाहीच, पण त्यांनी तो आपुलकीने दिला. वर्गाच्या बाई बाहेर आल्या, चिऊची वही मला दिली आणि म्हणाल्या, "वाचायला लागली आहे. मराठी सोडू देऊ नका हिचं." मला बोलता आलं नाही.

त्याच दुपारी नव्या शाळेत प्रवेश झाला. प्रवेश आणि वर्षाची फी काही नाही. पण गणवेश, बूट, पुस्तकं, वह्या मिळून ६,२०० रुपये सांगितले. एवढे एकदम नव्हते. मी कार्यालयात जाऊन दोन हप्ते मागितले आणि त्यांनी मान्य केलं. विचारायला लाजू नका. व्हॅन लावली नाही, मीच चालत सोडते. तुम्ही मात्र ह्या खर्चाची तयारी ठेवूनच उतरा. "मोफत" शब्दावर विसंबून आमची त्या महिन्यात ओढाताण झाली, गौरी-गणपतीच्या ऑर्डरींनी ती भरून काढली.

ऑगस्ट फार कठीण गेला. वर्ग दीड महिना पुढे गेलेला. घरी अखंड बडबड करणारी चिऊ शाळेत एक शब्द बोलत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तिचे कपडे ओले झाले, कारण बाथरूमला जायचं कसं विचारायचं ते तिला येत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मॅमना भेटले. तक्रार केली नाही, एवढंच म्हटलं की दोन महिने तिला जे लागेल ते मराठीत मागू द्या. त्यांनी ते मनापासून पाळलं. शिवाय तिच्याशेजारी एका बडबड्या मुलीला बसवलं. घरी आम्ही रोज पाच शब्द ठरवले. मी मशीनवर, ती पायाशी, आणि दोघी एकदमच शिकतो आहोत. सुई, धागा, कात्री, बटण यांचे इंग्रजी शब्द मला तिने शिकवले. वर्गात आरटीईतून आलेली मुलं कोण, हे शाळेने मुलांसमोर कधीही काढलं नाही, आणि याचं मोल मला फार वाटतं. दिवाळीच्या सुट्टीआधी मॅम म्हणाल्या, "आता हिला गप्प करावं लागतं." रोज संध्याकाळी एक पान मराठी मात्र ठरलेलं आहे, त्या जुन्या वहीत, जुन्या बाईंनी आखून दिलेल्या ओळींवर. ती भरली की दुसरी तशीच आखायची आहे.

हिशेब फाइलच्या मागच्या पानावर आहे. दाखला साडेचारशे, करार २,७००, प्रवास, झेरॉक्स आणि नेटचे मिळून अकराशे, शाळेचं साहित्य ६,२००. ह्यांचे चार खाडे आणि माझ्या परत गेलेल्या सात ब्लाऊजच्या ऑर्डरी त्यात धरलेल्या नाहीत. डिसेंबर ते जुलै, आठ महिने.

काल रात्री वहिनी लॅपटॉप घेऊन वर आल्या. कागद सगळे झाले होते, बलूनपाशी अडलं होतं. वरून काढलेल्या चित्रात आमच्या भागातल्या इमारती सगळ्या सारख्याच दिसतात. आम्ही दोघी डोळे ताणून शोधत असताना चिऊ मधे घुसली आणि तिने पडद्यावर बोट टेकवलं. "ही बघ आपली निळी टाकी." खरंच, गच्चीवरची टाकी होती. वहिनींनी बलून तिथे नेला. मी म्हटलं, "थांबा, अजून दाबू नका. आधी मोठं करून एकदा नीट बघू."